वास येत असता तर बाबा बोलले असते

माझे सासरे कुठलीही वस्तू वास घेतल्याशिवाय घरात येऊ देत नसत, आणि यात मीही आले. लग्नानंतर पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, जराशी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, हिला दिवसभर उन्हात ठेव, बरेच महिने बंद होती वाटतं. होती खरी, आमच्या माळ्यावर. पण नव्या सुनेला पहिल्याच दिवशी हे ऐकवायचं असतं का? मी मनातल्या मनात धुमसत राहिले. पुढे कळलं की त्यात अपमान वगैरे काही नव्हता. तो माणूस इतकी वर्षं तेच काम करत आला होता.

त्यांची सगळी नोकरी एका डेअरीत गेली. पहाटे दुधाच्या गाड्या यायच्या, फलाटावर कॅनच्या रांगा लागायच्या आणि बाबा त्या रांगेतून चालत जायचे. बरोबरचा माणूस झाकण उघडायचा, बाबा वाकून एक श्वास घ्यायचे आणि दोनपैकी एक शब्द बोलायचे, "चालेल" किंवा "परत". जनावरानं काय खाल्लं, कॅन नीट घासला होता का, दूध वाटेत किती वेळ उन्हात उभं होतं, सगळं त्यांना त्या एका श्वासात कळायचं म्हणे. मशिनं नंतर आली, पण दूध मशिनपर्यंत जायचं ते यांच्या नाकाखालूनच. असा माणूस निवृत्त झाला तर त्याचं नाक रिकामं कसं बसेल? ते आमच्या घरी कामाला लागलं.

ओलं फडकं गोळा करून ओट्यावर टाकायचं नाही, पसरून वाळवायचं. रिकामी बाटली झाकण लावून ठेवायची नाही. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत. कपडे धुण्याच्या मशिनचं दार उघडं राहू दे. टॉवेलला कुबट वास येतोय? साबण वाढवू नका, ऊन वाढवा. हे सगळं ते सांगायचे ते शांतपणे, एकदाच, आणि मग ते न करणाऱ्याकडे नुसतं बघायचे. आमच्या इमारतीत ते "नाकवाले आजोबा" होते. समोरच्या काकू कालची भाजी वाटीत घेऊन दारात उभ्या राहायच्या. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तर एकदा गादी उचलून आणली होती. बाबांनी वाकून श्वास घेतला आणि म्हणाले, "परत."

याचा परिणाम असा झाला की आमच्या घरात बाकी कुणाला नाक उरलं नाही. माझ्या नवऱ्याला म्हणावं, दूध नासलंय का बघ, तर तो पातेलं उचलून सरळ वडिलांकडे नेणार. बाबा बाहेरगावी गेले की हा पठ्ठ्या नासकं दूध चहात घालणार आणि चहा फुटला की चहापत्तीला नावं ठेवणार. मी सुरुवातीला हसायचे. वर्षा-दोन वर्षांत मीही तशीच झाले. कसलाही संशय आला की घरात एकच उत्तर असायचं, वास येत असता तर बाबा बोलले असते.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. बाळ झालं तेव्हा रजा घेतली आणि रजा संपल्यावर बाळाला बाबांनी सांभाळायचं असं तेव्हाच ठरून गेलं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझी आई स्वतःच आजारी, तिच्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. दुकानाच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं की रजा संपल्यावर आला नाहीत तर तुमच्या जागी दुसरं माणूस बसेल. ती जागा मी मोठ्या कष्टानं मिळवली होती आणि मला ती सोडायची नव्हती. पण मला काळजी नव्हती. ज्या नाकानं गावाचं दूध राखलं त्या नाकाखाली आमचं एवढंसं पोर काय जड होतं?

बाळ झाल्यापासून बाबा फार कडक झाले होते, हे मात्र आम्हाला जाणवत होतं. सकाळचं काहीही दुपारनंतर खायचं नाही. गॅस वापरून झाला की प्रत्येक वेळी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, नुसतं शेगडीचं बटण फिरवून चालायचं नाही. शेगडी पेटवायच्या आधी खिडकी उघडायची. बाळाला दूध द्यायच्या आधी पळीभर वेगळं तापवून बघायचं, फाटतंय का. बाळाची लंगोटी दर थोड्या वेळानं उघडून बघायची, रडो न रडो. आणि "चालेल" हा शब्द तर त्यांच्या तोंडून जवळजवळ गेलाच. काहीही पुढे करा, "परत". मी मन लावून केलेली भाजी त्यांनी एकदा अशीच टाकून दिली तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, बाबा, ती मघाशीच केलीय हो, अन्न काय जास्त झालंय का आपल्याला? ते ओटा पुसायला गेले, तो आधीच पुसलेला होता.

नवरा म्हणायचा, वय झालंय, आता हे वाढतच जाणार. रेग्युलेटरवरून तर दोघांची रोजची कुरबुर होती. एका कप चहासाठी दोनदा वाकायचं म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं.

रजेचा शेवटचा आठवडा होता. बाळाला खोकला झाला होता म्हणून खिडक्या बंद ठेवल्या होत्या. सकाळी नवऱ्यानं घाईत चहा केला आणि कामावर गेला. मी बाळाला बाबांच्या मांडीवर देऊन औषध आणायला खाली गेले. दुकानात गर्दी होती, मला वेळ लागला. परत आले तर बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत बसलेले, बाळ त्यांच्या छातीवर झोपलेलं आणि बाबांच्या एका हातात पेपर.

दार उघडल्याबरोबर मला वास आला. सडक्या कांद्यासारखा, अगदी पुसट. मी उंबऱ्यातच थबकले. पण मी थबकले आणि माझी नजर बाबांवर गेली. ते शांतपणे पेपर वाचत होते. झालं. वास येत असता तर बाबा बोलले असते. मोरीतून येत असेल, कचऱ्याचा डबा असेल, मला सर्दी होतेय म्हणून काहीतरीच वाटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चपला काढून आत गेले.

स्वयंपाकघरात वास जास्त होता. आणि मला आजही ज्याची भीती वाटते ती गोष्ट ही की तरीही मी ओट्याकडे गेले. बाळाच्या औषधासाठी पाणी कोमट करायचं होतं. भांडं ठेवलं, लायटर हातात घेतला. माझं स्वतःचं नाक मला सांगत होतं आणि मी ते ऐकत नव्हते, कारण या घरात ते काम माझं नव्हतंच. लायटर हातात ठेवूनच मी सहज, जरा हसत हाक मारली, बाबा, कसला तरी वास येतोय का हो?

मग पावलं वाजली आणि बाळाला खांद्यावर घेऊन ते दारात आले. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, बंद खिडकीकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे. त्यांना "नाही" म्हणता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी मी विश्वास ठेवला असता. त्यांचा चेहरा मी रोज दुकानात बघते तसा झाला होता. अक्षरांच्या तक्त्यावरच्या ओळी पाठ करून आलेला माणूस शेवटच्या ओळीवर येतो, ती पाठ करायची राहिलेली असते आणि आता समोरच्याला कळणार हे त्याला कळतं, तसा.

"लायटर खाली ठेव," ते म्हणाले. "दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. मला वास येत नाही. मला कसलाच वास येत नाही."

त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं आणि बाहेर जायला सांगितलं. मी जिन्यात येऊन पायरीवर बसले. आतून खिडक्या उघडल्याचे आवाज येत होते. समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, अगं बाई, केवढा हा गॅसचा वास, आणि तुमच्या घरात कळला नाही? तेवढ्यात बाबा रेग्युलेटर बंद करून दारात आले होते. त्यांनी ते ऐकलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. त्या आत गेल्या. तो क्षण बाबांसाठी फार वाईट होता आणि तेव्हा मला त्यांची दया आली नाही, हेही खरं आहे.

घरात हवा खेळेपर्यंत आम्ही पायरीवरच बसून राहिलो. तिथे त्यांनी सांगितलं. बाळ व्हायच्या आधीच्या थंडीत त्यांना मोठी सर्दी झाली होती. सर्दी गेली, वास परत आला नाही. येईल, येईल म्हणून वाट पाहिली. मग एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, या वयात येईलच असं सांगता येत नाही.

मी खूप चिडले होते. आवाज खाली ठेवला तो फक्त बाळ झोपलं होतं म्हणून. मी म्हटलं, माझं बाळ तुमच्या छातीवर झोपलं होतं बाबा. तुम्ही वर्षभर आमच्याशी खोटं बोललात.

"हो," ते म्हणाले. "घरात माझं दुसरं काम काय होतं?"

मी बाळाचं पांघरूण सारखं केलं. तेच पुढे म्हणाले की मूल आता माझ्यावर सोडू नका. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन मी ठेवलेलं भांडं घासायला घेतलं.

संध्याकाळी नवरा आला. सगळं ऐकून तो वडिलांवर घसरला. हे लपवायची गोष्ट आहे का, काही झालं असतं म्हणजे? मी त्याला विचारलं, शेगडीचं बटण अर्धवट कुणी सोडलं होतं? रेग्युलेटर कुणी बंद केला नव्हता? तो खाली बघू लागला. मग त्याने तोडगा काढला, म्हणजे मी वर्षभर आणखी घरी थांबायचं. पाळणाघर लांब होतं आणि इतक्या लहान मुलाला ते घेत नव्हते. मी म्हटलं, माझी खुर्ची वर्षभर कोण राखून ठेवणार आहे? बाबा जेवायला आलेच नाहीत, भूक नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी घरातली कामं करत होते आणि करता करता मला एकेक गोष्ट दिसायला लागली. माझं पोट ज्या कामावर चालतं ते काय? जो माणूस दिसत नसताना दिसतंय असं दाखवतो त्याला पकडणं. असे लोक तक्ता जरा जास्तच भरभर वाचतात, बरोबर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून अंदाज घेतात. बाबा वर्षभर हेच करत होते. काकू वाटी घेऊन आल्या की ते आधी विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? आणि मग "परत". मला हे कळायला हवं होतं. पण घरात कोण डोळे उघडे ठेवतं?

मग ते कडक नियम. पळीभर दूध वेगळं तापवायचं, कारण वासावरून कळत नव्हतं. खिडकी उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, कारण गॅस गळला तर त्यांना समजणार नव्हतं. लंगोटी उघडून बघायची, कारण दुसरा मार्गच नव्हता. भाजी टाकून द्यायची, कारण ती चांगली आहे की नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि चुकून वाईट निघाली असती तर ती आमच्या पोटात गेली असती. आम्ही त्याला म्हातारपणाचं खूळ म्हणत होतो. तो बिचारा माणूस जीव मुठीत धरून आमच्याभोवती कुंपण घालत होता. त्या दिवशी घरात जे घडलं ते नाक गेल्यामुळे घडलं खरं, पण त्याआधी कुंपणाचा एक खांब माझ्या नवऱ्यानं काढला होता.

आणि मला दुकानातला माझा अनुभव आठवला. आपल्याला कमी दिसतं हे ज्याला नीट माहीत असतं तो जपून रस्ता ओलांडतो. धडपडतो तो, ज्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतं. आता बाबांना लपवायचं काही उरलं नव्हतं.

मी त्यांना टेबलापाशी बसवलं, दुकानात बसवते तसं. म्हटलं, मी विचारते त्याची खरी उत्तरं द्या, मला बरं वाटावं म्हणून देऊ नका. ते ताठ बसले. गॅसचं काय करायचं? ते म्हणाले, मला हातच लावू देऊ नका, सकाळी सिलिंडर बंद करून जा, दूध आणि पाणी थर्मासमध्ये भरून ठेवा. गॅस गळला की वाजणारी घंटी बाजारात मिळते, ती आणा, पण वर भिंतीवर लावू नका, खाली सिलिंडरजवळ लावा, हा गॅस जमिनीलगत पसरतो. काही जळलं तर? "धूर दिसतो मला," ते म्हणाले आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा जरासे हसले. ताप? हात लावून आणि थर्मामीटर लावून. दुधाचा संशय आला तर? टाकून देईन, तुम्ही रागावलात तरी. आणि तुम्हालाच कसली शंका आली तर? त्यांनी दाराकडे पाहिलं. म्हणाले, समोरच्या काकूंना हाक मारीन. त्यांना आता माहीत आहे.

हे शेवटचं वाक्य त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं. मी नवऱ्याला सांगितलं की मी कामावर जाणार आणि बाळ बाबांकडे राहणार. तो म्हणाला, कालच एवढं झालं आणि तू आज हे बोलतेस? मी म्हटलं, अब्रू वाचवायला वर्षभर खोटं बोललेला माणूस माझ्या हातात लायटर बघून एका क्षणात खरं बोलला. मी मूल ठेवायचं तर अशाच माणसाकडे ठेवेन. नवरा त्याच दिवशी घंटी घेऊन आला आणि जमिनीवर आडवा पडून सिलिंडरजवळ लावली. वडिलांनी उभं राहून ती कशी लावायची ते सांगितलं आणि त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

कामाचा पहिला दिवस आला. थर्मास भरले, सिलिंडर बंद केला, तो बंद आहे हे नवऱ्यानं बघितलं आणि मग बाबांनी हात फिरवून बघितलं. नवरा पुढे गेला. मी चपला घातल्या आणि बाळाला बाबांकडे दिलं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, पण मला जा म्हणाले नाहीत.

"एक विचारू?" ते म्हणाले. "याच्या डोक्याला वास कसा येतो?"

मला आधी कळलंच नाही. मग ते सांगू लागले, माझ्याकडे न बघता. तुझा नवरा जन्मला तेव्हा मी डेअरीतून तसाच धावत गेलो होतो, त्याच्या टाळूला नाक लावलं तो वास मला अजून आठवतो. हा झाला तेव्हाही लावलं होतं नाक. तुम्ही सगळे बघत होता म्हणून मी हसलो. काहीच नव्हतं गं तिथे. या घरात मला ज्याचा वास माहीत नाही असा हा एकटाच आहे.

मी बाळाच्या डोक्याला नाक टेकवलं. इतके महिने त्याला छातीशी धरून काढले होते, पण कुणाला सांगण्यासाठी वास घ्यायची वेळ आली नव्हती. मी म्हटलं, दुधासारखा.

"कसल्या दुधासारखा? धारोष्ण की तापवलेल्या?"

मला सांगता येईना. मी पुन्हा श्वास घेतला. गोडसर होतं काहीतरी, गरम होतं, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं ज्याला माझ्याजवळ शब्दच नव्हता. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, बाबा, मला नाही हो सांगता येत.

"आज नाही येणार," ते म्हणाले. "रोज जाताना घेत जा. येईल सांगता. मी थांबतो."

मला उशीर झाला होता. मी पुन्हा एकदा बाळाच्या डोक्याला नाक लावलं, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.